ट्यूब लावून न जाणारा नायटा : बीडच्या ऊसतोड वस्त्या, दुबळी प्रतिकारशक्ती आणि बुरशीचे आजार

कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यातल्या टोळ्या गावाकडे परततात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतल्या वस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरेबाळे उतरतात. पाच-सहा महिने बंद असलेली घरे उघडली जातात. या दिवसांत ज्या कार्यकर्त्यांनी वस्तीवर आरोग्य शिबिर घेतले असेल त्यांना वेगळे सांगायला नको. रांगेतली बरीच माणसे कातडीची तक्रार घेऊन आलेली असतात. जांघेत, कमरेभोवती, छातीखाली पसरलेला नायटा. पायाच्या बेचक्यांत चिखल्या. हाताला पाचटाने कापल्याच्या जुन्या-नव्या खुणा. आणि मधूनच एखादा माणूस असा येतो, ज्याच्या पायावरची गाठ मागच्या हंगामातही होती आणि त्याच्या आदल्याही. दुखत नाही म्हणून त्याने ती दाखवलेली नसते. दाखवली असेल तर मेडिकलवाल्याने ट्यूब दिलेली असते.

हा लेख त्या माणसाबद्दल आहे. त्याला झालेला आजार दुर्मीळ असू शकतो, पण तो आजार ज्या परिस्थितीत वाढतो ती परिस्थिती आपल्या जिल्ह्यात मुळीच दुर्मीळ नाही.

बुरशी म्हटले की आपल्या लोकांना २०२१ आठवते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मराठवाड्याची जी दैना झाली ती विसरण्यासारखी नाही. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईच्या रुग्णालयातून एका रुग्णवाहिकेत २२ मृतदेह कोंबून स्मशानात नेले गेले, ते छायाचित्र देशभर गेले. त्याच्या पाठोपाठ म्युकरमायकोसिस आला, ज्याला टीव्हीवाल्यांनी ‘ब्लॅक फंगस’ म्हटले आणि आपण काळी बुरशी. मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्याजोगा करायला सांगितले. २८ जून २०२१ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी दिलेल्या माहितीनुसार देशात ४०,८४५ रुग्ण होते आणि ३,१२९ मृत्यू झाले होते. रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्क्यांना मधुमेह होता, तर जवळपास ५३ टक्क्यांना स्टेरॉइड दिले गेले होते. सर्वाधिक रुग्णांच्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते.

या आकड्यांकडे नीट पाहिले पाहिजे. ही बुरशी चीनमधून आली नव्हती, ऑक्सिजनच्या सिलिंडरमधून आल्याचेही सिद्ध झाले नाही. ती आपल्या मातीत, शेणखतात, सडक्या पाचोळ्यात आणि शिळ्या भाकरीवर आधीपासून आहे. आपण रोज तिचे बीजाणू श्वासातून घेतो. निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना जागेवरच संपवतात. साखर बेसुमार वाढलेली असेल किंवा स्टेरॉइडने या पेशी मंदावल्या असतील तर ती आत शिरते, रक्तवाहिन्यांत वाढते आणि रक्ताचा पुरवठाच तोडते. पुढचे मांस मरते आणि काळे पडते. म्हणजे काळी असते ती मेलेली कातडी. बुरशी स्वतः काळी नसते. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, हेही त्या वेळी पुरेसे सांगितले गेले नाही. त्यामुळे आधीच डोळा गमावलेल्या रुग्णाला घरात वेगळे ताट-तांब्या मिळाला.

म्युकरचा नाक-डोळा-मेंदू हा प्रकार सगळ्यांच्या लक्षात राहिला. कातडीचा प्रकार मात्र राहून गेला. तो श्वासातून येत नाही, जखमेतून येतो. काटा घुसला, अपघातात जखमेत माती गेली, अस्वच्छ सुईने इंजेक्शन टोचले, भाजल्यावर खराब पट्टी बांधली की तिथे लालसर सूज येते. दोन-चार दिवसांत मधोमध काळा डाग पडतो आणि तो दर दिवशी पसरत जातो. भारतात या प्रकारात अपोफायसोमायसिस नावाची बुरशी वरचेवर सापडते. ती जगात सर्वप्रथम भारताच्याच मातीतून वेगळी करण्यात आली, १९७९ मध्ये तिचे वर्णन छापले गेले. तिचे वैशिष्ट्य असे, की धडधाकट माणसालाही ती सोडत नाही. मग मधुमेह असलेल्या, रोज उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या माणसाचे काय?

अमेरिकेतले एक उदाहरण इथे सांगावेसे वाटते. २२ मे २०११ रोजी मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन शहरात मोठे चक्रीवादळ आले. जखमींपैकी काहींच्या जखमा भरेनात, त्यात बुरशी दिसू लागली. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राची माणसे पोचली, नमुने तपासले गेले आणि एकूण १३ रुग्ण नोंदले गेले. त्यातले पाच दगावले. सगळ्यांना हीच अपोफायसोमायसिस जातीची बुरशी होती. तेरा माणसे, पण प्रत्येकाची नोंद झाली, त्यावर शास्त्रीय लेख निघाला आणि पुढच्या आपत्तीत डॉक्टरांनी जखमेकडे कसे बघायचे ते ठरले. आपल्याकडे दर हंगामात काही लाख माणसे मातीत, पाचटात, अनवाणी किंवा फाटक्या चपलेत राबतात, त्यांच्या न भरणाऱ्या जखमांची वही कुठे आहे?

‘दुबळी प्रतिकारशक्ती’ कोणाची?

वैद्यकीय पुस्तकांत या आजारांबद्दल लिहिताना अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी घेणारे, एचआयव्हीसह जगणारे अशी यादी असते. ती बरोबरच आहे. पण बीडमध्ये प्रतिकारशक्ती कमी होण्याची आणखी साधी कारणे आहेत आणि ती गरिबीच्या वाटेने येतात. पहिले म्हणजे माहीतच नसलेला मधुमेह. साखर हा श्रीमंतांचा आजार आहे हा समज अजून वस्त्यांत आहे. कष्टाच्या माणसाला कुठली शुगर, असे लोक म्हणतात, आणि तपासणीच होत नाही. दुसरे कारण क्षयरोग आणि कुपोषण. तिसरे, ज्याबद्दल कोणी बोलत नाही, ते म्हणजे अंगदुखीची पुडी. दिवसभर मोळ्या डोक्यावरून वाहणाऱ्या बाईची कंबर रात्री मोडलेली असते. गावोगावच्या बिगरपदवी डॉक्टरांकडून किंवा दुकानातून मिळणाऱ्या ‘लगेच आराम’ देणाऱ्या गोळ्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. दुखणे थांबते, भूक लागते, चेहरा भरल्यासारखा दिसतो. ‘औषध मानवले’ असे वाटते. महिनोन्‌महिने ही गोळी चालली की साखर वाढते, हाडे पोकळ होतात आणि कातडीची राखण करणाऱ्या पेशी निकामी होतात.

एचआयव्हीच्या बाबतीत परिस्थिती सुधारली आहे हे मान्य केले पाहिजे. २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळते, २०१७ पासून तर सीडी-४ किती आहे हे न पाहता निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. तरीही स्थलांतरात गोळ्या तुटतात. केंद्र बदलून घेता येते, जास्त महिन्यांच्या गोळ्या एकदम मागता येतात, पण मुकादमाच्या टोळीत राहून ते सांगायचे कसे? आजार कळला तर पुढच्या वर्षी उचल मिळणार नाही, ही भीती असते. गोळ्या तुटल्या आणि सीडी-४ शंभरच्या खाली गेले की क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकते. कबुतरांच्या विष्ठेत वाढणारी ही बुरशी कधी कधी आधी कातडीवर दिसते. चेहऱ्यावर मधोमध खळगा असलेले मोत्यासारखे छोटे फोड येतात. लोक त्याला मुरुम समजतात, काही डॉक्टरही समजतात. सोबत ताप आणि न थांबणारी डोकेदुखी असेल तर तो मुरुम नसतो, आणि हातात वेळ फार थोडा असतो. रक्ताच्या एका साध्या चाचणीने ही बुरशी लक्षणांच्या आधीही पकडता येते. जागतिक आरोग्य संघटना सीडी-४ शंभरच्या खाली असलेल्या प्रत्येकाची ती करायला सांगते. आपल्या केंद्रात ती होते का, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारण्यासारखा आहे.

पायातली गाठ

आता त्या न दुखणाऱ्या गाठीकडे येऊ. तिचे नाव मायसेटोमा, जुने नाव मदुरा पाय. काट्याच्या किंवा खड्याच्या बारीक जखमेतून बुरशी किंवा बुरशीसारखे जंतू मातीतून आत जातात. महिन्यांनी, कधी वर्षांनी पाऊल सुजते, त्याला अनेक तोंडे पडतात आणि त्यातून रव्यासारखे दाणे पडतात. काळे, पांढरे, पिवळे, लाल. दुखत नसल्यामुळे माणूस काम करत राहतो आणि आतले हाड पोखरले जाते. शेवटी पाय कापावा लागतो.

या आजाराचा इतिहास आपल्याच राज्यात घडलेला आहे. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हा इंग्रज डॉक्टर १८५८ मध्ये मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ‘ग्रेज अ‍ॅनॉटॉमी’मधली जी चित्रे पाहून शिकले ती याच माणसाने काढलेली. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. या आजाराला मायसेटोमा हे नाव त्यानेच दिले आणि १८७४ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ छापला. अनवाणी शेतात राबणाऱ्यांचा हा आजार आहे हे तेव्हापासून माहीत आहे. म्हणजे दीडशे वर्षे झाली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत मायसेटोमा घातला तो २०१६ मध्ये.

अनवाणी का, हेही विचारले पाहिजे. आपल्या आजा-पणजांच्या काळात गावाच्या वेशीतून, वरच्या आळीतून जाताना पायातली वहाण हातात घ्यावी लागत होती. पायात काही न घालणे ही आपल्या माणसांची सवय नव्हती, तो गावाचा कायदा होता. वैद्यकीय पुस्तकात ‘अनवाणी चालण्याची सवय’ असे लिहिलेले वाचले की मला तो शब्द टोचतो. आज तो कायदा गेला, पण फडात काम करताना बूट आणि हातमोजे देण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर अजून नाही. कारखाना म्हणतो मुकादमाची, मुकादम म्हणतो मी कुठून आणू. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, तो संघटनांच्या लढ्याचा विजयच होता. पण त्या वाटाघाटीत बुटांचा मुद्दा कोणाच्या ध्यानात नव्हता. पोटाचा मुद्दा आधी येतो, ते समजण्यासारखे आहे.

मायसेटोमाचे दोन प्रकार आहेत आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. एक खऱ्या बुरशीचा, ज्याला महिनोन्‌महिने इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते. दुसरा अ‍ॅक्टिनोमायसेटोमा, जो प्रत्यक्षात जीवाणूंचा आहे आणि योग्य अँटिबायोटिकने शस्त्रक्रियेशिवाय बरा होऊ शकतो. दाणा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरच फरक कळतो. न पाहता औषध दिले तर वर्ष फुकट जाते, कधी पायही.

याचाच एक चुलतभाऊ क्रोमोब्लास्टोमायकोसिस. पायावर चामखिळीसारखे, फुलकोबीसारखे वाढणारे मांस. त्यातली बुरशी मात्र खरोखर काळपट रंगाची असते, म्हणजे ‘काळी बुरशी’ हे नाव खरे तर हिला शोभले असते. २०१७ मध्ये हाही दुर्लक्षित आजारांच्या यादीत आला. सहा महिने ते वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला त्याहून जास्त.

स्टेरॉइडची ट्यूब

हे दुर्मीळ आजार वेळेत सापडत नाहीत, कारण त्यांच्यावर साध्या नायट्याचा पडदा आहे. आणि साधा नायटाही आता साधा राहिलेला नाही. गेल्या दशकभरात भारतात नायट्याची जणू साथच आहे. पूर्वी दोन आठवड्यांत जाणारा नायटा आता दोन वर्षे जात नाही. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. त्यातले ‘इंडो’ म्हणजे भारतच. टर्बिनाफीन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे पहिले दोन रुग्ण सापडले तेव्हा अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने तातडीने डॉक्टरांना सावध केले.

ही बुरशी इतकी कशी माजली? एकमेव कारण सांगता येणार नाही, पण त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे एका गोष्टीकडे बोट दाखवत आहेत. ती म्हणजे मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणारी मिश्र मलमे. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, जीवाणूंचे औषध आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे खाज एका दिवसात थांबते. लालसरपणा जातो. बुरशी मात्र मरत नाही, उलट तिथली कातडीची राखण झोपी गेल्याने ती निवांत पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट खाज. मग पुन्हा ट्यूब. एका घरात नवरा, बायको, सासू, लेकरे सगळे एकच ट्यूब वापरतात, एकाच दोरीवर कपडे आणि एकाच बादलीत धुणे. कोपीत पाण्याचीच मारामार, तिथे रोज धुतलेला सुका कपडा घालायचा हा सल्ला म्हणजे थट्टा वाटते.

कायदा नाही असे नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात काही स्टेरॉइडमिश्रित मलमेही होती. गावातल्या मेडिकलवर जाऊन चिठ्ठीशिवाय मागून पाहा, कायदा कुठपर्यंत पोचला ते कळेल. आणि हीच मलमे पुष्कळ मुली ‘गोरे होण्यासाठी’ चेहऱ्याला लावतात. गोरेपणाच्या हव्यासाची मुळे कुठे आहेत हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल पडते, मुरुम आणि केस येतात आणि तिथेही बुरशी घर करते.

आता या ट्यूबचा दुर्मीळ आजाराशी संबंध. पायावर चामखिळीसारखे काही आले, चेहऱ्यावर फोड आले, जखम भरेना, तर पहिला उपाय तीच ट्यूब. स्टेरॉइडने वरची सूज उतरते, आजाराचे मूळ रूप पुसले जाते. पुढे डॉक्टरने पाहिले तरी त्याला ओळखता येत नाही. आतली बुरशी मात्र वाढतच असते.

खरे तर तपासणीची पहिली पायरी अगदी स्वस्त आहे. कातडीचा खरवडलेला तुकडा काचेवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. याला केओएच तपासणी म्हणतात. बुरशीचे धागे असतील तर तिथेच दिसतात. क्षयरोगाच्या थुंकीसाठी जिथे सूक्ष्मदर्शक आहे तिथे ही तपासणी होऊ शकते. त्यासाठी प्रशिक्षण हवे आणि ‘हे करायचे आहे’ असा आदेश हवा. यंत्राचा खर्च आधीच झालेला आहे.

पुढची पायरी, म्हणजे मांसाचा तुकडा काढून बायोप्सी आणि बुरशी वाढवून पाहण्याची कल्चर तपासणी, ही वैद्यकीय महाविद्यालयातच होते. बीड जिल्ह्यात त्यासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नाहीतर औरंगाबादची घाटी. आष्टी-पाटोद्याच्या माणसाला अंबाजोगाई गाठणे म्हणजे अख्खा दिवस. त्यात एक मेख आहे जी फार थोड्यांना माहीत असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सरकारी दवाखान्यांत सर्व उपचार मोफत केल्याचे आपण ऐकले. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांपुरता होता, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालये. वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने ती त्यात आली नाहीत. जिथे हा आजार ओळखता येत नाही तिथे सगळे मोफत, आणि जिथे ओळखता येतो तिथे पावती. एका सरकारच्या दोन खात्यांमधल्या भिंतीची किंमत पायातली गाठ घेऊन फिरणाऱ्या माणसाने द्यायची.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे काय, असे कोणी विचारेल. २०२१ मध्ये म्युकरचा उपचार या योजनेत आणला गेला, त्याने अनेकांचे प्राण आणि जमिनी वाचल्या. आता योजना सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत लागू आहे. पण तिची घडण रुग्णालयात दाखल होऊन होणाऱ्या उपचारांची आहे. मायसेटोमा किंवा क्रोमोब्लास्टोमायकोसिसचा रुग्ण दाखल होत नाही, तो घरी राहून वर्षभर गोळ्या खातो. पाय कापायची वेळ आली की मग योजना लागू होते.

औषधांच्या किमतीचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. म्युकरवर लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी दिले जाते, साधारण किलोमागे ५ मिलिग्रॅम रोज. ६० किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. असे काही आठवडे. एका कुपीलाच काही हजार रुपये पडत होते. जुन्या प्रकारचे अ‍ॅम्फोटेरिसिन स्वस्त आहे पण मूत्रपिंडावर घाव घालते, आणि मधुमेह्याचे मूत्रपिंड आधीच नाजूक असते. जून २०२१ मध्ये जीएसटी परिषदेने या औषधावरचा कर शून्यावर आणला, पण ती सवलत साथीपुरती होती. साथ संपली की चर्चाही संपली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले तेव्हा औषधखरेदीचा प्रश्न पुन्हा वर आला. जिथे साधी औषधे वेळेत येण्याची खात्री नाही तिथे वर्षातून दोन-चार रुग्णांना लागणारे बुरशीचे इंजेक्शन कपाटात असेल, हे मानायला मन धजत नाही.

२०२१ मधून वाचलेल्यांचे पुढे काय झाले, हाही हिशेब राहिला आहे. वरचा जबडा काढलेला माणूस भाकरी खाऊ शकत नाही, बोललेले नाकातून येते. डोळा काढलेल्याला अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळावे असे कोणालाही वाटेल. पण केंद्राच्या मूल्यमापन नियमांनुसार एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर अपंगत्व ३० टक्के धरले जाते, आणि बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. चेहऱ्याची विद्रूपता २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत अ‍ॅसिड हल्ला झालेल्यांसाठी आहे, बुरशीने चेहरा खाल्लेल्यांसाठी नाही. जमीन विकून जीव वाचवलेली माणसे अशा रीतीने कागदावर धडधाकट आहेत.

कातडीच्या आजाराला जी नजर चिकटते तिच्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण उपचाराला उशीर होण्याचे ते एक मोठे कारण आहे. आपल्या विहारांत पूतिगत्त तिस्स थेरांची कथा सांगितली जाते. अंगभर फोड येऊन फुटले, दुर्गंधी सुटली, सोबत्यांनी टाकून दिले, तेव्हा भगवान बुद्धांनी स्वतः पाणी तापवून त्यांना स्नान घातले. वर्षावासात ही कथा ऐकणाऱ्या वस्तीतही पायातून पू गळणारा माणूस विहाराच्या पायरीवर बसतो, आत येत नाही. तो का येत नाही, ते त्यालाही माहीत आहे आणि आपल्यालाही. त्याच्या पायातला आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही, ही एवढी माहिती जरी रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटांत सांगितली तरी तो दवाखान्यापर्यंत जाण्याची शक्यता वाढते.

मग मागायचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी पहिल्यांदाच घातक बुरशींची अग्रक्रम यादी काढली. त्यात १९ बुरशी आहेत. क्रिप्टोकॉकस सर्वांत वरच्या गटात, म्युकर आणि मायसेटोमाच्या बुरशी दुसऱ्या गटात. म्हणजे हे आजार दुर्लक्षित आहेत हे आता जगाने लेखी मान्य केले आहे. मायसेटोमावर जगात सर्वांत मोठे काम खार्टूमच्या केंद्रात चालले होते, सुदानच्या यादवीत ते उद्ध्वस्त झाले. अशा वेळी हा आजार पहिल्यांदा जिथे पाहिला गेला त्या देशाने काही करायला नको का? राज्यघटनेचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. ते वाक्य आपण भाषणात वापरतो, निवेदनात फारसे वापरत नाही.

बीडमध्ये एक दार आधीच उघडे आहे. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण बाहेर आले. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारला विधान परिषदेत सांगावे लागले. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली आणि हंगामाला जाण्यापूर्वी व परतल्यावर आरोग्य तपासणीची व्यवस्था आली. त्या तपासणीत पाऊल उलटे करून तळवा पाहणे, कातडीवरची न भरणारी जखम विचारणे आणि बोटाला टोचून साखर मोजणे एवढे घालायला नवा कायदा लागत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचे परिपत्रक पुरेल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला उसाच्या टनामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून मिळायचे ठरलेले आहे. त्या पैशातून बूट-हातमोजे आणि वर्षभराच्या बुरशीविरोधी गोळ्या मागता येतात. वैद्यकीय महाविद्यालयांना मोफत उपचाराच्या निर्णयात आणा, ही मागणी तर केवळ ऊसतोड कामगारांची नाही.

आणि हे सगळे होईपर्यंत गावातल्या कार्यकर्त्याने काय पाहायचे? तीन आठवड्यांत न भरलेली जखम. इंजेक्शन किंवा मार लागलेल्या जागी पडून पसरत जाणारा काळा डाग, यात तर एक दिवसही थांबायचे नाही. दाणे पडणारी किंवा चामखिळीसारखी वाढणारी न दुखणारी गाठ. एचआयव्ही, मधुमेह, मूत्रपिंड किंवा कॅन्सरच्या रुग्णाच्या अंगावर तापासोबत आलेले नवे फोड. यांपैकी काही दिसले तर ट्यूब बंद, जखमेवर माती-तंबाखू-हळद लावणे बंद, आणि साखर तपासून थेट त्वचारोग विभाग. डॉक्टरला ‘केओएच आणि बायोप्सी करता का’ असे स्पष्ट विचारायचे. माणूस एकटा जात नसेल तर सोबत जायचे, कारण खिडकीवर पहिल्यांदा परत पाठवले की तो दुसऱ्यांदा जात नाही. जुने फोटो मोबाइलमध्ये ठेवायचे, स्टेरॉइडने रूप बदललेले असेल तर तेच डॉक्टरच्या उपयोगी पडतात.

पुढच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतील. उचल त्याआधीच, आखाड-श्रावणात घेतली जाते आणि एकदा उचल घेतली की खाड्याच्या दंडाच्या भीतीने कोणी दवाखान्यासाठी थांबत नाही. ज्यांच्या पायाला गाठ आहे त्यांना अंबाजोगाईला नेऊन आणायला जूनपर्यंतचेच दिवस आहेत.